पिंडपात आणि भाकरी : थायलंडच्या अन्नसंस्कृतीचा विचार

बौद्ध देशांच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांची संख्या अलीकडे वाढत आहे. थायलंड पाहून आलेली मंडळी परतल्यावर तेथील सुवर्णमंडित चैत्यांचे, बँकॉकच्या वात फो विहारातील ४६ मीटर लांबीच्या शयनस्थ बुद्धमूर्तीचे आणि भिक्खूंच्या शिस्तीचे भारावून वर्णन करतात. अन्नाचा विषय निघाला, तर मात्र तो बहुधा तक्रारीच्या सुरात निघतो. पोळी कोठे मिळाली नाही, भाजीलाही मासळीचा वास होता, भात चिकट होता, एवढेच सांगितले जाते. वास्तविक थायलंडमधील धम्म समजून घ्यावयाचा असेल, तर विहाराच्या कळसाइतकेच तेथील भाताच्या भांड्याकडेही लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. त्या देशात संघ आणि समाज यांना जोडणारा सर्वांत घट्ट धागा अन्नाचा आहे आणि तो रोज सकाळी नव्याने जोडला जातो.

आपल्यासाठी या विषयाला आणखी एक अंग आहे. अन्न आणि पाणी ही अस्पृश्यतेची दोन प्रमुख हत्यारे होती. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या पंक्तीला कोण बसतो, कोणाच्या सावलीने अन्न विटाळते, यावर येथील समाजरचना उभी होती. म्हणून एखाद्या देशातील लोक कोणाच्या हातचे खातात, कोणाच्या शेजारी बसून खातात आणि मागे उरलेल्या अन्नाचे काय करतात, हे प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ प्रवासवर्णनाचे नाहीत. प्रस्तुत लेखात याच अंगाने थायी अन्नसंस्कृतीचा विचार करावयाचा आहे.

भाषेत रुजलेला धम्म

थायलंडच्या लोकसंख्येपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक बौद्ध असून देशात सुमारे ४० हजार विहार आहेत. शासकीय कागदपत्रांवर बुद्धसंवताचे वर्ष लिहिले जाते. इसवी सनात ५४३ मिळवले की थायी बुद्धवर्ष येते. भारत व श्रीलंका यांच्या गणनेपेक्षा ही गणना एका वर्षाने मागे आहे. म्हणूनच बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपल्याकडे बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाचा सोहळा चालू होता, तर थायलंडने तो सोहळा १९५७ साली साजरा केला.

मराठी माणसाला थायी भाषा प्रथम ऐकताना पूर्णपणे परकी वाटते. परंतु कान थोडा सरावला की पाली व संस्कृत शब्द ओळखू येऊ लागतात. ‘नाखोन’ म्हणजे नगर, ‘ख्रू’ म्हणजे गुरू, ‘थान’ म्हणजे दान, ‘सिन’ म्हणजे शील, ‘थम’ म्हणजे धम्म आणि ‘बुन’ म्हणजे पुञ्ञ अर्थात पुण्य. अन्नाला तेथे ‘आहान’ म्हणतात, तो आपला ‘आहार’च होय. मांसाहार वर्ज्य करण्याला ‘मांगसविरत’ असा शब्द आहे आणि त्यात ‘मांसविरती’ स्पष्ट दिसते. पाली भाषा तेथे केवळ ग्रंथांत राहिली नाही, ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

‘खाओ’ या थायी शब्दाचा अर्थ भात. पण जेवण या अर्थानेही तोच शब्द वापरला जातो. दोन परिचित माणसे भेटली की ‘भात खाल्ला का?’ असे विचारतात. आपल्या खेड्यांतही ‘जेवलात का?’ हीच कुशल विचारण्याची रीत आहे. ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबून अन्न मिळवले, त्यांच्या तोंडी हा प्रश्न सहज येतो.

भात, खलबत्ता आणि तुळस

थायी जेवणात प्रत्येकाच्या ताटात भात असतो आणि बाकीचे सर्व पदार्थ मध्यभागी ठेवलेले असतात. ज्याने त्याने त्यातून थोडे थोडे घ्यावयाचे. एकट्याने एकच पदार्थ भरपूर वाढून घेणे असभ्य समजले जाते. उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा असतो. काट्याने अन्न चमच्यात लोटून चमच्यानेच ते खातात. सुरीची गरज पडत नाही, कारण सर्व काही आधीच बारीक चिरलेले असते. चिनी पद्धतीच्या काड्या मुख्यतः शेवयांच्या पदार्थांसाठी वापरतात.

ईशान्येकडील ईसान प्रदेशात आणि उत्तर भागात चिकट भात खाल्ला जातो. तो वाफेवर शिजवून बांबूच्या झाकणाच्या टोपलीत ठेवतात. हाताने लहान गोळा करून तो तिखट कालवणात बुडवून खाण्याची तेथील पद्धत भाकरी मोडून खाणाऱ्या मराठी माणसाला लगेच आपलीशी वाटते. कच्ची पपई, मिरची, लसूण, लिंबू आणि मासळीचे खारे पाणी खलबत्त्यात कुटून केलेले ‘सोम तम’ हे या प्रदेशाचे प्रसिद्ध खाद्य होय. ‘नाम फ्रिक’ नावाचे मिरचीचे कुटलेले तोंडीलावणे तर आपल्या ठेच्याचे भावंड म्हणावे असे आहे. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मिरची ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर आशियात आली. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली त्यांचा दूत अयुथयेच्या दरबारात पोहोचला. आज मिरचीवाचून दोन्हीकडचे जेवण पुरे होत नाही.

आंबट, खारट, गोड आणि तिखट या चार चवींचा तोल हे थायी स्वयंपाकाचे सूत्र आहे. आंबटपणासाठी चिंच व लिंबू, खारटपणासाठी ‘नाम प्ला’ हे मुरवलेल्या मासळीचे पाणी, गोडीसाठी ताडगूळ, आणि सुवासासाठी गवती चहा, कुलिंजन व एका जातीच्या खडबडीत लिंबाची पाने वापरतात. कोळंबी घालून केलेल्या ‘तोम यम’ या आंबट-तिखट सारास युनेस्कोने २०२४ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याआधी २०२३ साली ‘सोंगक्रान’ या एप्रिलमधील नववर्षाच्या सणाचाही या यादीत समावेश झाला होता. ‘सोंगक्रान’ हा शब्द ‘संक्रांत’ या शब्दावरून आला आहे.

येथे एका वनस्पतीचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. बँकॉकच्या कोणत्याही रस्त्यावरच्या खानावळीत ‘फत कफ्राओ’ नावाचा पदार्थ मिळतो. मिरची व लसणीबरोबर मांस परतून त्यात मूठभर पाने टाकतात. ती पाने आपल्याकडील तुळशीची असतात. जिच्याभोवती येथे वृंदावन, विवाह आणि व्रतवैकल्ये यांचा मोठा पसारा उभा राहिला, ती तेथे एक सुगंधी पालेभाजी आहे. वनस्पती एकच, तिला पवित्र वा अपवित्र ठरवते ते माणसाचे मन. एखाद्या वस्तूचे पावित्र्य हा तिचा नैसर्गिक गुण नसतो, हे समजावून सांगण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

पहाटेचा पिंडपात

थायलंडमध्ये सूर्योदयाच्या सुमारास भिक्खू विहारातून बाहेर पडतात. ते अनवाणी असतात. चीवराने दोन्ही खांदे झाकलेले असतात आणि हातात पात्र असते. ते एकामागून एक चालतात. या रांगेतील क्रम वयावर, कुळावर वा विद्वत्तेवर ठरत नाही. ज्याची उपसंपदा आधी झाली तो पुढे. शाक्य राजपुत्रांनी आपल्याआधी उपाली या न्हाव्याला प्रव्रज्या देण्याची विनंती तथागतांना केली होती; आपला कुलाभिमान गळावा म्हणून त्यांनी स्वतःस उपालीच्या मागे उभे केले. त्या प्रसंगातील तत्त्व आजही प्रत्येक पहाटे थायलंडच्या गल्ल्यांतून चालताना दिसते.

रस्त्याच्या कडेला दायक वाट पाहत असतात. कोणी घरासमोर, कोणी दुकानासमोर, कोणी बाजाराच्या तोंडाशी. बहुतेक जण पादत्राणे काढून ठेवतात. भिक्खू जवळ आले की भाताचे भांडे कपाळापर्यंत उचलून मनात संकल्प करतात आणि गरम भात पात्रात घालतात. कालवण लहान पिशवीत बांधलेले असते. सोबत केळी, गोड पदार्थ, कधी कमळाची कळी. नंतर गुडघ्यांवर बसून ते हात जोडतात. भिक्खू मंगल गाथा म्हणून पुढे जातो. तो आभार मानत नाही. आभार मानण्याची भावना असलीच तर ती दायकाच्या बाजूस असते, कारण त्याला दानाची संधी मिळालेली असते. या विधीला ‘तक बात’ म्हणतात, आणि भिक्खूच्या फेरीला ‘बिन्थबात’, म्हणजे पिंडपात.

या पद्धतीचा आधार विनयात आहे. भिक्खूने दुसऱ्याने दिल्याशिवाय अन्न मुखात घालू नये. मिळालेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवू नये. मध्यान्हानंतर भोजन करू नये. आजारी नसता स्वतःसाठी पक्वान्ने मागू नयेत. अधिक मिळावे म्हणून कालवण भाताखाली झाकून ठेवू नये. पातिमोक्खाच्या २२७ नियमांत असे बारीक नियम आहेत. वरवर पाहता ते क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम पाहावा. जो साठवू शकत नाही, त्याला रोज समाजासमोर यावे लागते. जो निवड करू शकत नाही, त्याला झोपडीतला भात आणि हवेलीतला भात एकाच पात्रात घ्यावा लागतो. संघ समाजापासून तुटू नये आणि समाजावर स्वार होऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

ईशान्येकडील उबोन राचथानी प्रांतात अजान चा (१९१८-१९९२) यांनी १९५४ साली स्थापन केलेल्या वनविहाराच्या परंपरेत भिक्खू दिवसातून एकदाच भोजन करतात आणि भात, कालवण व गोड पदार्थ एकाच पात्रात घेतात. चवीची आसक्ती सुटावी, हा त्यामागील हेतू. थायी माणसाने चवींचा एवढा सूक्ष्म तोल साधला आणि त्याच मातीतल्या भिक्खूंनी त्या सर्व चवी एका पात्रात मिसळून टाकल्या. या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी सुखाने नांदतात.

भिक्खूंचे भोजन झाल्यावर विहारात उरलेले अन्न उपासक-उपासिका एकत्र बसून खातात. व्यापारी, रिक्षावाला, शिक्षिका, शेतमजूर असे सर्व जण त्याच चटईवर बसतात. आपल्याकडे यासाठी ‘सहभोजन’ असा शब्द आणि चळवळ निर्माण करावी लागली. तेथे या बसण्याला वेगळे नाव देण्याची आवश्यकता पडली नाही.

भीक, भाकरी आणि भिक्षा

पिंडपाताचे हे वर्णन वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक अस्वस्थ प्रश्न उभा राहील. तो टाळून चालणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून घरोघर भाकरी मागत फिरावे लागे. ती भाकरी बहुधा शिळी असे. घरच्यांची जेवणे झाल्यावर उरलेली असे. देणारा उंबरठ्याच्या आत आणि घेणारा अंगणाबाहेर असे, आणि स्पर्श होऊ नये म्हणून ती वरून टाकली जाई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे व शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडून देण्याचा उपदेश केला. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. लोकांनी भाकरी मागणे सोडले. त्यासाठी उपासमार सोसली, गावकऱ्यांचा रोष पत्करला. मग ज्या समाजाने स्वाभिमानासाठी हातातली टोपली फेकून दिली, त्याने भिक्खूच्या हातातील पात्राकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

थायलंडमधील पिंडपात लक्षपूर्वक पाहिला की या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. दोन्हींत दारोदार जाणे आहे, दोन्हींत अन्न घेणे आहे; परंतु बाकी प्रत्येक गोष्ट उलट आहे. भाकरी घरच्यांनी खाल्ल्यावर उरलेली असे. पिंडपातासाठी पहाटे उठून रांधलेल्या भातातला पहिला भाग काढून ठेवतात. भाकरी वरून खाली पडत असे; पिंडपातात दायक अनवाणी उभा राहून, पुढे गुडघ्यांवर बसून देतो. भाकरी घेणाऱ्याला जोहार घालावा लागे. येथे देणारा हात जोडतो. भाकरी मागण्याचे काम जन्माने गळ्यात पडे आणि मरेपर्यंत सुटत नसे. पात्र हाती घेण्याचा निर्णय माणूस स्वतः घेतो आणि हवे तेव्हा चीवर परत करून घरी जाऊ शकतो. भाकरीच्या बदल्यात राबवून घेतले जाई. पिंडपाताच्या बदल्यात भिक्खूकडून शील, अध्ययन आणि धम्मोपदेश यांची अपेक्षा असते. पहिल्यात माणूस हीन ठरवला जाई, दुसऱ्यात दोघेही उंचावतात.

भगवान बुद्धांच्या काळीही हा क्रांतिकारक अर्थ लोकांना कळला होता. भिक्खूने घरे वगळू नयेत, रांगेने जावे, या आचाराला ‘सपदानचारिका’ असे नाव असून तेरा धुतांगांत त्याची गणना आहे. घर वगळायचे नाही याचा अर्थ जातही वगळायची नाही. आनंदाने प्रकृती नावाच्या चांडालकन्येकडे पाणी मागितले, तेव्हा तिने संकोचाने आपली जात सांगितली. आनंदाने तिला आपण पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही, असे उत्तर दिले. चवदार तळ्याच्या संग्रामाचे बीज या एका प्रसंगात आहे. तथागतांनी आयुष्यातील अखेरचे भोजन पावा येथील चुंद या लोहाराकडे घेतले. त्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला बजावले, की संबोधीपूर्वीचे भोजन आणि महापरिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही दाने समान व सर्वश्रेष्ठ फल देणारी आहेत. एका श्रमजीवी माणसाच्या हातच्या अन्नाला याहून मोठा सन्मान कोणता असू शकेल?

थायलंडमध्ये आपली नजर आणखी एका ठिकाणी अडखळते. विहारात एखाद्या स्त्रीने दान दिले, तर भिक्खू ते तिच्या हातून थेट घेत नाही. समोर एक वस्त्र पसरतो आणि त्यावर ती वस्तू ठेवली जाते. स्पर्श टाळणारे हात आपल्या पिढ्यांनी फार पाहिले आहेत, त्यामुळे मन चमकते. परंतु येथे भेद समजून घेतला पाहिजे. अस्पृश्यतेत माणसाच्या हातचे अन्नच निषिद्ध होते. येथे तिने रांधलेले अन्न आदराने स्वीकारले जाते व खाल्ले जाते. हे बंधन भिक्खूच्या ब्रह्मचर्यासाठी आहे, स्त्रीच्या विटाळासाठी नाही. असे असले तरी लोकव्यवहारात त्याचा अर्थ कधी कधी स्त्रीच्या कमीपणाकडे झुकतो, हेही खरे आहे. त्याकडे पुढे येऊ.

मांसाहाराचा प्रश्न

बौद्ध देशात भिक्खू मांस-मासळी खातात, हे पाहून भारतातील पुष्कळ लोक आश्चर्य करतात. त्यामागे शाकाहार म्हणजेच धार्मिकता, हा येथील उच्चवर्णीय संस्कार असतो. स्थविरवादी परंपरेत नियम स्पष्ट आहे. प्राणी आपल्यासाठी मारला गेला असे भिक्खूने पाहिलेले, ऐकलेले वा त्याला तसा संशय आलेला नसावा. असे त्रिकोटिपरिशुद्ध मांस पात्रात पडले तर तो ते घेऊ शकतो. मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल व तरस यांचे मांस मात्र वर्ज्य आहे. देवदत्ताने भिक्खूंना मत्स्यमांस पूर्णतः वर्ज्य करावे अशी मागणी केली होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली. गरिबाच्या घरी जे शिजेल ते भिक्खूने घ्यावे, त्याच्यावर वेगळ्या अन्नाचा भार टाकू नये, हा व्यवहार त्यात दिसतो.

बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या १९४८ सालच्या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा ऐतिहासिक संबंध दाखवला. अन्नावरून माणसाची प्रतवारी कशी केली जाते, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. थायलंडमध्येही स्वेच्छेने शाकाहार करणारे लोक आहेत. चिनी परंपरेतून आलेल्या नऊ दिवसांच्या शाकाहारी उत्सवात पिवळी निशाणे लावलेली दुकाने सर्वत्र दिसतात. फुकेत येथील उत्सव विशेष प्रसिद्ध आहे. मात्र शाकाहारी माणूस त्यामुळे जन्माने श्रेष्ठ ठरत नाही आणि मासळी खाणारा हीन ठरत नाही. आहार ही तेथे व्यक्तीची निवड आहे, तिचा वर्ण नव्हे.

कच्चा माणूस आणि पिकलेला माणूस

थायी समाजात पुरुषाने आयुष्यात एकदा तरी काही काळ चीवर धारण करावे, अशी प्रथा आहे. पूर्वी पूर्ण वर्षावासाचे तीन महिने भिक्खू राहण्याची रीत होती. आता नोकरीधंद्यामुळे अनेक जण काही आठवडे वा काही दिवसच राहतात. ज्याने चीवर घेतलेले नाही त्याला ‘खोन दिप’ म्हणजे कच्चा माणूस, आणि ज्याने घेतले आहे त्याला ‘खोन सुक’ म्हणजे पिकलेला माणूस म्हणतात. भाषेने येथेही स्वयंपाकघरातलीच उपमा घेतली आहे. ज्याने स्वतः पात्र घेऊन दारोदार फेरी केली, तो घरी परतल्यावर दुसऱ्याच्या पात्रात भात घालताना निराळ्या जाणिवेने घालतो. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर शिबिरांचा उद्देश याच दिशेचा आहे.

विहाराचे कार्य पूजेपुरते कधीच मर्यादित नव्हते. राजा चुलालोंगकॉर्न यांच्या काळात १८९८ पासून राजपुत्र भिक्खू वजिरञाण यांच्या देखरेखीखाली प्रांतोप्रांतीच्या विहारांतून आधुनिक प्राथमिक शिक्षणाचा प्रसार झाला. याच राजाने टप्प्याटप्प्याने दासप्रथा संपवली. १९०५ साली तिचा शेवट झाला. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य होण्यासाठी आहे की समाजाचा सेवक होण्यासाठी, असा प्रश्न बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभी उपस्थित केला आणि धम्माची आशा समाजसेवक भिक्खूवर ठेवली. मुलांना अक्षरओळख करून देणारा गावातला थायी भिक्खू त्या अपेक्षेच्या बराच जवळ जातो.

जे घेऊ नये

आदर म्हणजे आंधळे अनुकरण नव्हे. थायलंडमध्ये धम्माबरोबर इतर अनेक गोष्टी मिसळलेल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक घराच्या, दुकानाच्या व कार्यालयाच्या आवारात खांबावर एक लहान घर उभारलेले असते. ते भूमीच्या रक्षक आत्म्याचे स्थान होय. त्यापुढे भात, फळे, फुले, इतकेच नव्हे तर लाल रंगाच्या शीतपेयाची बाटलीही ठेवलेली दिसते. बँकॉकमध्ये भर रहदारीच्या चौकात ‘एरावान’ नावाचे ब्रह्मदेवाचे स्थान आहे. नवस बोलणाऱ्यांची तेथे सदैव गर्दी असते. हे स्थान १९५६ साली उभारले गेले. ज्या वर्षी नागपूरला लाखो लोकांनी ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली, त्याच वर्षी एका बौद्ध देशाच्या राजधानीत ब्रह्मदेवाची स्थापना झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. राजवाड्यातील विहाराच्या भिंतींवर रामकथा चितारलेली आहे. शेतनांगरणीच्या राजविधीत आजही ब्राह्मण पुरोहित असतात. गळ्यातल्या ताइतांचा मोठा बाजार भरतो.

याहून गंभीर बाब कर्मसिद्धांताच्या लोकप्रिय अर्थाची आहे. श्रीमंताने पूर्वजन्मी पुष्कळ ‘बुन’ केले आणि गरिबाचे ते कमी पडले, अशी समजूत तेथे खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे दान हे पुढील जन्मासाठीच्या ठेवीसारखे होते आणि आजच्या विषमतेचे कारण कोणी विचारत नाही. बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या या उपपत्तीला ठाम नकार दिला. मागच्या जन्माचे कर्म हे माणसाच्या आजच्या दारिद्र्याचे स्पष्टीकरण म्हणून स्वीकारले, तर समाजाची जबाबदारीच उरत नाही. थायलंडमध्ये अस्पृश्यता नाही, परंतु उच्चनीचता आहे. हात जोडून नमस्कार करताना हात किती उंच न्यावेत, हेही समोरच्याच्या दर्जावर ठरते, आणि ईसानच्या शेतकऱ्याच्या चिकट भाताला व मुरवलेल्या मासळीला राजधानीतील प्रतिष्ठितांनी दीर्घकाळ गावंढळ मानले.

स्त्रियांच्या बाबतीत स्थिती अधिक स्पष्ट आहे. १९२८ साली तेथील संघराजांनी स्त्रियांना प्रव्रज्या देण्यास भिक्खूंना मनाई केली. शुभ्रवस्त्रधारी ‘मे ची’ अष्टशील पाळून विहारात राहतात. त्यांतील अनेकींचे दिवस स्वयंपाक आणि सेवेत जातात. विदुषी छात्सुमर्न कबिलसिंग यांनी २००१ साली श्रामणेरी दीक्षा आणि २००३ साली उपसंपदा श्रीलंकेच्या परंपरेकडून घेतली. त्या आज भिक्खुणी धम्मनंदा या नावाने नाखोन पाथोम येथे विहार चालवतात. दानाची टोपली पहाटे बहुधा स्त्रीच्याच हातात दिसते, पण पात्र हाती घेण्याचा तिचा हक्क अद्याप तेथील संघाने मान्य केलेला नाही.

या दोषांची जाणीव थायी बौद्धांनाही आहे. भिक्खू बुद्धदास (१९०६-१९९३) यांनी १९३२ साली छैया येथे ‘सुआन मोख’ या वनविहाराची स्थापना करून कर्मकांड आणि पुण्याच्या देवघेवीवर आयुष्यभर टीका केली. अन्नदानाच्या बाबतीतही विचार चालू आहे. दुकानात पिवळ्या बादलीत भरून तयार मिळणारे दानाचे साहित्य, गोड पेये आणि तेलकट पदार्थ यांमुळे भिक्खूंमध्ये मधुमेह व स्थूलता वाढल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. २०१७ साली भिक्खूंच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनद तयार करण्यात आली आणि दायकांनी आरोग्यदायी अन्न द्यावे असा प्रचार सुरू झाला. श्रद्धेला विवेकाची जोड नसेल, तर दानही घेणाऱ्याला अपायकारक ठरते, हा त्यातील बोध आहे.

आपल्या विहारांसाठी

थायलंडशी आपला संबंध नवा नाही. महाराष्ट्रातील अनेक विहारांत थायी उपासकांनी दिलेल्या बुद्धमूर्ती आहेत. २०२३ च्या प्रारंभी थायी भिक्खूंचा मोठा संघ परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी आला. खेड्यापाड्यांतील आपल्या माताभगिनींनी रस्त्याच्या कडेला उभे राहून भिक्खूंना भोजनदान केले. ज्यांच्या आज्या एकेकाळी दुसऱ्याच्या दारात भाकरीसाठी थांबत, त्यांच्या नाती आपल्या दारात दायिका म्हणून उभ्या राहिल्या. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माने अन्नाच्या व्यवहारातील आपली जागा कशी बदलली, याचा हा साक्षात पुरावा होय.

ही जागा टिकवावयाची असेल, तर पिंडपात व भोजनदान हे मोठ्या समारंभांपुरते राहता कामा नये. थायलंडमध्ये महिन्यातील चार उपोसथदिनी लोक विहारात जातात. आपल्या वस्तीत महिन्यातून निदान एका पौर्णिमेला भिक्खूंना पिंडपातासाठी निमंत्रित करणे कठीण नाही. त्या दिवशी घरात रांधलेल्या अन्नाचा पहिला भाग दानासाठी काढावा. भाकरी-पिठले असले तरी ते चालते, पक्वान्नाची गरज नाही. मुलांच्या हातून दान करवावे आणि ही भीक का नव्हे, हे त्यांना महाडचा इतिहास सांगून समजावावे. नंतर विहारात सर्वांनी एकत्र बसून जेवावे. वैशाख पौर्णिमेला आपण सुजातेच्या स्मरणार्थ खीरदान करतो. त्या पंक्तीत शेजारच्या वस्तीतील इतर जातिधर्मांच्या लोकांनाही सन्मानाने बसवावे. भिक्खुणींच्या पात्रातही भिक्खूंच्या पात्राइतक्याच आदराने अन्न पडावे. आणि भिक्खूंनीही त्या पात्राचे मोल जाणून वस्तीतील मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे.

भूतघरे, ताईत आणि पूर्वजन्मीच्या पुण्याचा हिशेब थायलंडमध्येच राहू द्यावा. पहाटे उठून दुसऱ्यासाठी आधी भात काढून ठेवण्याची सवय मात्र आपल्या घरी आणावी. ज्या दिवशी प्रत्येक वस्तीत असा भात शिजेल, त्या दिवशी भाकरी मागण्याचा इतिहास खऱ्या अर्थाने संपलेला असेल.

भवतु सब्ब मंगलं.